हजर असलेल्या आरोपीस

म्हातारीने बोट उचललं ते माझ्याकडे. माझ्या मागे बारा-तेरा पावलांवर लाकडी कठड्यात आरोपी उभा होता, आणि कोर्टातल्या बाकी सगळ्यांना ते बोट त्याच्याकडेच गेल्यासारखं दिसलं असणार. साक्षीदाराचा पिंजरा, माझं टेबल आणि आरोपीचा कठडा हे तिन्ही आमच्या दालनात एका सरळ रेषेत आहेत, कुणा सुताराने दोरी धरून बसवावेत तसे. पण बोट कुठे जातंय हे नुसतं बोट बघून कळत नाही, डोळे बघावे लागतात, आणि डोळे बघायला त्या घटकेला कुणाला सवड नव्हती. न्यायाधीशसाहेब वहीत काहीतरी टिपून घेत होते. सरकारी वकील पुढचा प्रश्न शोधत होते. आरोपीच्या बाजूचा तरुण वकील टेबलाखाली वाकून पडलेले कागद गोळा करत होता. मी मान वर केली हाही तसा अपघातच, मानेला रग लागली म्हणून केली. आणि म्हातारीचे डोळे माझ्यावर होते. माझ्या डोक्यावरून पलीकडे नाही, खांद्यावरून नाही, माझ्यावर. मग मी खाली संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं, तर तिथे वाक्य आधीच उमटलेलं होतं : ‘साक्षीदाराने न्यायालयात हजर असलेल्या आरोपीस ओळखले.’ पुढे पूर्णविरामसुद्धा पडला होता.

मी या कोर्टाची लघुलेखिका. सव्वीस वर्षं झाली. साक्षीदार बोलतो, साहेब त्यातलं कामाचं तेवढं निवडून मला सांगतात आणि मी टंकते, अशी रीत आहे. पण सव्वीस वर्षांत रीत झिजते. काही वाक्यं अशी असतात की ती प्रत्येक साक्षीत येतातच, आणि साहेबांनाही ती सांगायचा कंटाळा येतो. ते नुसती मान हलवतात. म्हणून मी अशी चौदा वाक्यं संगणकात भरून ठेवली आहेत, एकेका कळीवर एकेक. पहिल्या कळीवर शपथेचं, चौथीवर ‘घटनेची तारीख मला निश्चित आठवत नाही’, सातवीवर ओळखण्याचं. कळ दाबली की अख्खं वाक्य. ही युक्ती माझी स्वतःची, आणि खोटं कशाला बोलू, मला तिचा अभिमान होता. इतर कोर्टांतल्या मुली ती बघायला यायच्या. बदलून आलेले साहेबसुद्धा पहिल्या आठवड्यातच म्हणायचे की बाई, मी बोलायच्या आधी तुमचं तयार असतं. मी आपली हसायची. वकिलाने ‘तो माणूस आज इथे आहे का’ असं विचारलं की साक्षीदार एकदा इकडे बघतो, एकदा तिकडे बघतो, मग हात उचलतो. हात उचलायला लागला की माझं बोट सातव्या कळीवर गेलेलं असतं. त्यात विचार करण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

खटला जाळपोळीचा. एका लाँड्रीला कुणीतरी पहाटे आग लावली. मालक आत झोपलेला होता, तो वाचला, पण त्याचे दोन्ही हात मनगटापर्यंत गेल्यातच जमा. पोलिसांनी त्याच्याकडे पूर्वी कामाला असलेल्या, भांडून काम सोडलेल्या इस्त्रीवाल्याला धरलं. आग लावताना त्याला पाहिलेलं कुणी नव्हतं. समोरच्या इमारतीतली ही म्हातारी मात्र पाचला उठून गॅलरीत आली होती आणि तिने डबा घेतलेला एक माणूस दुकानापासून चालत जाताना पाहिला होता. बाकी पुरावा म्हणजे भांडण, जुना राग आणि तो त्या पहाटे घरी नव्हता एवढंच. दहा वर्षांची शिक्षा होऊ शकते अशा खटल्यात सगळा डोलारा एका म्हातारीच्या बोटावर उभा होता, आणि ते बोट माझ्याकडे होतं, आणि ही गोष्ट फक्त मला माहीत होती.

तसं मी लगेच बोलायला हवं होतं. पण कोर्टात वकील बोलतात, साक्षीदार बोलतो, विचारलं तर आरोपी बोलतो, शिपाईसुद्धा ‘शांतता’ म्हणून ओरडतो. लघुलेखिका बोलत नाही. कुणी तसा नियम केलेला नाही. भिंत बोलत नाही हाही कुठे नियम आहे. आणि मला खात्री तरी कुठे होती? मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली ऐंशीच्या घरातली बाई, तिचे डोळे कुठे लागतात हे मी कोण ठरवणार? तोवर सरकारी वकील पुढे गेले होते. तरुण वकिलाचे कागद गोळा करून झाले होते. त्याने उलटतपासात तीनच प्रश्न विचारले, तुमचं वय काय, चष्मा कधी लागला, त्या वेळी पुरेसा उजेड होता का, आणि तो बसला. म्हातारीने तिन्हींची उत्तरं नीट दिली. साहेबांनी घड्याळ पाहिलं, जेवणाची सुट्टी झाल्यावर साक्षीचा कागद छापून सही घेऊ म्हणाले आणि उठले. सगळे उठले. मीही उठले.

आमच्या धंद्यात आरोपीकडे बघायचं नसतं. मला शिकवणाऱ्या मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी हे सांगितलं होतं. त्यांना सगळं कोर्ट मोठ्या बाई म्हणायचं, चणीने त्या माझ्या खांद्याला लागायच्या तरी. त्या म्हणायच्या, कठड्याकडे बघितलंस की एकतर कीव येते नाहीतर राग, आणि दोन्ही बोटांत उतरतात. कागदाकडे बघ. कागदावर त्याचं नाव पहिल्या पानावर एकदाच येतं, बापाच्या नावासकट, वयासकट, पत्त्यासकट, आणि तिथून पुढे तो फक्त आरोपी. मला ते फार निष्ठुर वाटलं होतं. मी तेव्हा जेमतेम पंचवीसची आणि घरून मनात एक गाठ घेऊन आलेली. मी विचारलं होतं, नाव का पुसायचं माणसाचं? मोठ्या बाई यंत्रातला कार्बन बदलत होत्या. त्या म्हणाल्या, अगं पुसत नाही, झाकून ठेवतात. आरोप त्याच्यावर आहे, त्याच्या आत आहे का ते अजून बघायचंय. ते बघून होईपर्यंत त्याचं नाव कुणी मळवू नये म्हणून हा शब्द. मग त्यांनी मला त्या शब्दाचं सगळं नीट लावून दिलं, एखादी बाई नव्या सुनेला डबे दाखवते तसं. पोलिसांनी नुसता धरलाय तोवर संशयित म्हण. कागद कोर्टात आले की आरोपी. निकाल लागून गुन्हा शाबीत झाला की दोषी, त्याच्या एक मिनिटही आधी नाही. वर्तमानपत्रवाले चहा पिता पिता तिन्ही शब्द एकाच माणसाला लावतात, त्यांचं आपण बघायचं नाही. आणि निर्दोष सुटला तरी निकालाच्या शेवटच्या ओळीत ‘आरोपीची मुक्तता करण्यात येत आहे’ असंच लिहायचं, कारण शाई वाळेपर्यंत तो आरोपीच असतो. एवढं बोलून त्यांनी मला डबा उघडून दिला आणि जेव म्हणाल्या.

माझ्या मनातली गाठ ही होती की माझे बाबा आरोपी होते. आरोपी क्रमांक दोन. ते एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. मोठ्या बरण्यांतून लहान बाटल्यांत औषध ओतायचं, बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायची, एक खाच म्हणजे एक डोस. मी शाळेतून आले की त्या पट्ट्या कातरून द्यायची, कात्री तिरकी धरून. मी चौदा वर्षांची असताना त्या दवाखान्यातून औषध नेलेली एक बाई वारली. लहान मूल होतं तिला. औषधात भलतंच काही गेलं असं तपासणीत निघालं. डॉक्टर आरोपी क्रमांक एक, बाबा दोन. आमच्या गल्लीने बाबांचा निकाल अर्ध्या तासात लावला. कोर्टाला तो सहा वर्षांत लावता आला नाही. गल्लीचा वेग मला त्या वयातही कळला होता, कारण समोरच्या काकूंनी त्याच संध्याकाळी त्यांच्या मुलीला आमच्याकडून हाक मारून परत नेलं. तिच्या हातात माझी कात्री होती, तीसुद्धा गेली. सहा वर्षांनी, निकालाला दोन तारखा उरल्या असताना बाबा झोपेतच गेले. कोर्टाचा कागद आला : आरोपी क्रमांक दोन मयत झाल्यामुळे त्याच्यापुरता खटला संपुष्टात येत आहे. म्हणजे ते दोषीही झाले नाहीत आणि निर्दोषही सुटले नाहीत. जगातल्या सगळ्या कागदांवर ते आरोपी म्हणून राहिले, आणि आता त्यांना त्या शब्दातून काढणारं कुणी नव्हतं. लहानपणी मला तो शब्द शिवी वाटायचा. मोठ्या बाईंनी डबे लावून दिल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की बाबा उघड्यावर नव्हते, कुठेतरी आत होते. मी त्या रात्री घरी जाऊन आईला काही बोलले नाही, नुसती झोपले, आणि बऱ्याच वर्षांनी गाढ झोपले.

तेव्हापासून मला या शब्दापुढे दिपून जायला होतं. कुणाला सांगायची सोय नाही, हसतील. पण रोज बघते म्हणून सांगते. किती माणसं या कठड्यात येऊन उभी राहिली! खिसेकापू, बायकोला मारणारे, प्राध्यापक, एक दंतवैद्य, एक मायलेकी. कुणाचे बूट चकचकीत, कुणी अनवाणी. तो शब्द कुणासाठी जाड झाला नाही की पातळ झाला नाही. बाहेर लोक दात-ओठ खात असतात, पायऱ्यांवर घोषणा चाललेल्या असतात, आणि आत हा एवढासा शब्द सगळ्यांना सांगत असतो, थांबा. एवढी मोठी इमारत, तिच्या उंच खिडक्या, काळे डगले, बंदुका घेतलेले पोलीस, कपाटं भरून कागद, आणि हे सगळं कशासाठी, तर वेळेआधी कुणी एक शब्द बोलू नये म्हणून. माणसांनीच हे बांधलं आहे, समोरच्या काकूंसारख्याच माणसांनी, याचं मला राहून राहून नवल वाटतं. स्वतःच्या जिभेचा भरवसा नाही हे ओळखून त्यांनी स्वतःलाच कुलूप घातलं आणि किल्ली उंचावर ठेवून दिली. आणि त्या कुलपाशी मी सातवी कळ घेऊन बसले होते. चौकीदारानेच कंटाळून दार उघडं टाकावं तशातली गत.

सुट्टीत मी डबा उघडला आणि बंद केला. दालन रिकामं होतं. लाँड्रीवाला मात्र बाहेरच्या बाकावर दिसत होता. तो प्रत्येक तारखेला येतो. त्याचा भाऊ त्याला चमच्याने भरवत होता. हात त्याने मांडीवर उताणे ठेवले होते, त्यांची कातडी चकाकत होती. हे हात कुणीतरी जाळले आहेत. आणि तो कुणीतरी आत्ता कोर्टाच्या तळघरात पोलिसांबरोबर बसलेला इस्त्रीवालाच असेल, तर मी कुठल्या तोंडाने या माणसाला सांगणार होते की तुमच्या हाताशी आलेली एकुलती एक साक्ष मी मोडली, का, तर एका म्हातारीच्या डोळ्यांत मला काहीतरी दिसलं? गप्प बसले तर कुणाला कधीही कळणार नव्हतं. कागदावर वाक्य होतं, साहेबांची मान हललेली होती की नव्हती हे आता साहेबांनाही आठवलं नसतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

रोज सुट्टीत मी आईला फोन करते, दुपारच्या गोळ्या घेतल्या का विचारायला. आजही केला. घेतल्या म्हणाली. मग मी फोन ठेवायच्या ऐवजी विचारलं, का विचारलं देव जाणे, तीस वर्षांत ज्या दाराला हात लावला नव्हता त्याची कडी अशी दुपारी सव्वाला काढली. म्हटलं, आई, तू बाबांना कधी विचारलं होतंस का, त्यांच्या हातून झालं होतं का ते?

आई म्हणाली, “विचारलं होतं की. एकदाच. तू परीक्षेला गेली होतीस.”

“मग?”

“ते म्हणाले, त्या दिवशी दोनशे बाटल्या भरल्या. हात चालत होता. मी केलं नाही असं मला म्हणवत नाही आणि केलं असंही म्हणवत नाही.” आईने दम खाल्ला. “मला इतका राग आला होता त्यांचा. मी म्हटलं, अहो निदान माझ्यापुढे तरी नाही म्हणा. ते नाही म्हणाले नाहीत. मला आता वाटतं, तसा माणूस होता म्हणून नाही म्हणाले नाहीत. दुसरा कुणी असता तर पटकन बोलून मोकळा झाला असता. तू जेवलीस का?”

जेवले म्हणून सांगितलं. फोन ठेवल्यावर मी माझ्या हातांकडे पाहिलं. चांगले हात आहेत माझे, नखं कापलेली, उजव्या तर्जनीला थोडा घट्टा. किती वेळा दाबली असेल मी ती कळ? वर्षाला दोनशे म्हटलं तरी हजारांत जातं. त्यातली किती बोटं खरोखर कठड्यापर्यंत पोचली होती आणि किती वाटेत कुठेतरी थांबली होती, छताकडे, वकिलाकडे, दाराकडे, नाहीतर नुसती हवेत? मी बघितलंच नव्हतं. हात चालत होता. बाबांच्या खटल्यातही दवाखाना झाडणाऱ्या बाईंनी येऊन त्यांना ओळखलं होतं, यांनीच बाटली दिली म्हणून. तिथेही खाली कुणीतरी यंत्रावर बसलेलं असणार, मान न उचलता. एवढ्याशा वाक्यावर केवढं वजन तोललेलं असतं हे मला पहिल्यांदा अंगावर आल्यासारखं दिसलं.

साक्षीच्या प्रत्येक कागदाच्या तळाशी एक ओळ असते : ‘वाचून दाखवले, बरोबर असल्याचे मान्य.’ ही माझी चौदावी कळ. कायद्याने मी तो कागद साक्षीदाराला मोठ्याने वाचून दाखवायचा असतो, त्याने हो म्हणायचं असतं, मग सही. प्रत्यक्षात कुणी वाचत नाही. वेळ कुणाला आहे? शिपाई कागद पुढे करतो, इथे सही करा म्हणतो, साक्षीदार करतो आणि सुटकेचा श्वास टाकून निघून जातो. मोठ्या बाई असताना कधीकधी वाचलं जायचं, त्या गेल्यावर तेही बंद पडलं. पण ओळ कागदावर होती, आणि ती माझ्या कामाची होती. भिंतीला बोलायचा हक्क नव्हता, पण वाचायचा होता. एवढीच एक फट मला सापडली, आणि ती सापडल्यावर मला भूक लागली. मी उभ्या उभ्या डबा संपवला.

कोर्ट बसलं. शिपायाने छापलेला कागद म्हातारीपुढे नेला आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. मी उभी राहिले. माझी खुर्ची मागे घासली तिचा आवाज अख्ख्या दालनात झाला. म्हटलं, साहेब, साक्षीदारांना वाचून दाखवते. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. सरकारी वकील हसले, म्हणाले बाईंना आज सवड दिसतेय. साहेब हसले नाहीत. कागदाच्या तळाशी काय लिहिलं आहे ते त्यांनाही माहीत होतं. ते म्हणाले, वाचा. मी वाचायला लागले. माझा आवाज मलाच ओळखू येईना, सव्वीस वर्षं त्या खोलीत तो कधी वाजलाच नव्हता. म्हातारी मान डोलावत ऐकत होती. पाचला उठते, बरोबर. गॅलरीत आले, बरोबर. डबा घेतलेला माणूस, हो. मग ते वाक्य आलं. मी ते तसंच वाचलं, न थांबता, न दाबता; मुद्दाम दाबलं असतं तर ते शिकवल्यासारखं झालं असतं.

म्हातारीची मान थांबली.

“आरोपी म्हणजे कोण?” तिने विचारलं.

सरकारी वकील पुढे झाले. ते सौम्यपणेच बोलले, माणूस वाईट नाही. “आजी, ज्याच्यावर आळ आहे तो. मघाशी नाही का तुम्ही बोट करून दाखवलंत.”

“मी या बाईंना दाखवलं,” म्हातारी म्हणाली. “तुम्ही एका दमात दोन विचारलंत, तो किती लांब होता आणि इथे आहे का. मी म्हटलं पहिल्याचं आधी सांगावं. या बाई बसल्यात ना, एवढ्यावर होता तो. फक्त खाली, रस्त्यावर. दुसऱ्याचं सांगणार तर तुम्ही पुढचंच विचारलंत. मला वाटलं, नको असेल उत्तर.”

कुणी हसलं नाही. तरुण वकील अर्धवट उठून तसाच राहिला. साहेबांनी लेखणी खाली ठेवली आणि म्हातारीला विचारलं की मग दुसऱ्याचं उत्तर आता द्याल का, तो माणूस इथे आहे का. ती म्हणाली, जवळून बघू दे. साहेबांनी परवानगी दिली. ती पिंजऱ्यातून उतरली, एकेक पायरी, शिपायाचा हात नको म्हणाली, आणि माझ्या टेबलाला वळसा घालून कठड्याकडे गेली. मला मागे वळावंच लागलं. वळले आणि इस्त्रीवाला पाहिला. पस्तिशीचा असेल, कानामागे केस पांढरे झालेले, कठड्यावर ठेवलेल्या दोन्ही हातांच्या बोटांवर इस्त्रीचे जुने डाग. म्हातारी त्याच्यापुढे उभी राहिली आणि बघत राहिली. तोही बघत राहिला. त्याच्या मागच्या बाकावर लाँड्रीवाला बसला होता, तोही पुढे झुकला होता. माझा एक हात अजून कळफलकावर होता आणि चौदा कळींपैकी एकही माझ्या उपयोगाची नव्हती. पुढे काय येणार हे मला माहीत नव्हतं, साहेबांना माहीत नव्हतं, कुणालाच माहीत नव्हतं, आणि हे माहीत नसणं इतकं मोठं होतं, इतकं उंच, की मला त्या खिडक्यांइतकीच मान वर करून बघावंसं वाटलं. सव्वीस वर्षं मी याच खोलीत बसत होते.

“मी पाठ पाहिली होती त्याची,” म्हातारी शेवटी म्हणाली. “हा असेलही. नसेलही. मला नाही सांगता यायचं.” आणि मग लाँड्रीवाल्याकडे वळून, हळू, “माफ कर रे बाबा.”

लाँड्रीवाल्याने डोळे मिटले. साहेबांनी मला तिचं बोलणं जसंच्या तसं घ्यायला सांगितलं, आणि मी घेतलं, एकेक अक्षर, नव्या मुलीसारखं चाचपडत. मग त्यांनी विचारलं, “बाई, ते वाक्य मी सांगितलं होतं का तुम्हाला?”

आता गप्प बसण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी उभी राहिले. सांगितलं की नाही साहेब, तुम्ही सांगितलं नव्हतं, साक्षीदाराने पुरतं बोट उचलायच्या आधी माझ्या हातून गेलं. नंतर साक्षीदाराचे डोळे माझ्याकडे दिसले, पण मी बोलले नाही. साहेब माझ्याकडे बघत होते. रागावलेले नव्हते, राग परवडला असता.

“याआधी कधी असं झालंय?”

“सांगता येत नाही, साहेब.”

साहेबांनी आधीचं वाक्य रद्द केल्याची नोंद सांगितली, ते कसं पडलं तेही सांगितलं, माझ्या हुद्द्यासकट, आणि मी ते टंकलं. उद्या अकराला तुमचं म्हणणं लेखी आणून द्या म्हणाले, आणि चालू खटल्यांतल्या सगळ्या साक्षी काढून ठेवा, कुणाकुणाला परत बोलवावं लागेल ते बघू. नोकरीचं काय होईल ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. माझं अंग हलकं पडलं होतं, ताप उतरल्यावर पडतं तसं.

म्हातारीने सही केली. शिपाई कागद घेऊन परत फिरला, साहेब पुढची तारीख बघायला लागले, आणि मागून आवाज आला. “साहेब.” इस्त्रीवाला होता. इतक्या तारखांत तो आपण होऊन कधी बोलला नव्हता. तरुण वकील त्याला गप्प करायला वळला, साहेबांनी हाताने थांबवलं.

“साहेब, मला काही समजलं नाही. म्हणजे मी आता कोण झालो?”

मी आजवर कुणाच्या तोंडून हा प्रश्न ऐकला नव्हता. साहेबांनी चष्मा काढला. लाँड्रीवाला बघत होता, त्याचा भाऊ बघत होता. साहेब त्या दोघांकडेही बघून बोलले, आणि इतक्या हळू की मला कान द्यावा लागला.

“कोणी नाही झालात. तुम्ही अजून आरोपीच आहात. पुढचा पुरावा व्हायचा आहे. तोवर तुम्हाला दुसरं काहीही म्हणायचा हक्क या खोलीत कुणालाच नाही. मलाही नाही.”

इस्त्रीवाल्याने ऐकलं. कठड्याला धरलेले त्याचे हात सैल झाले आणि तो मागच्या स्टुलावर बसला, त्या दिवशी कठड्यात पहिल्यांदा. माझी बोटं कळफलकावर होती आणि त्यांना सवयीने हलायचं होतं. मी ती उचलून मांडीवर ठेवली.

“साहेब,” मी विचारलं, “हे घ्यायचं का?”

साहेबांनी चष्मा परत लावला, माझ्याकडे पाहिलं.

“घ्या,” ते म्हणाले. आणि मी घ्यावं म्हणून त्यांनी ते पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.